डोस्क्याचा फोटो

माय, तुला वाचता येत नव्हतं, पण ही गोष्ट दुसऱ्या कोणाला सांगवत नाही, म्हणून तुलाच लिहून राहिली. तुझ्या नातीला, माझ्या पोरीला, उदासीचा आजार आहे. तू तिला पाहिलं नाही. कॉलेज अर्ध्यावर सोडून ती गोंदियाहून जवळच गोरेगावला घरी आली आणि भिंतीकडे तोंड करून निजली, ती आंघोळीलाही उठेना. एका औषधाने फरक पडला नाही, आता दुसरं सुरू आहे. मागच्या महिन्यात तिच्या नागपूरच्या डॉक्टरीणबाईने विचारलं, आमच्याकडे या आजारावर संशोधन चालू आहे, त्यासाठी मेंदूचे फोटो काढतो, तुमची मुलगी येईल का. पोरगी लगेच हो म्हणाली. मला मात्र ते नको वाटलं, कारण डोस्क्याचा फोटो म्हटलं की मला तूच दिसते.

दवनीवाड्याच्या घरी तू सूप घेऊन बसायची. तांदूळ सुपात, हात तांदळात, आणि पाखडणं काही नाही. बाबा ओरडायचे, शेजारणी म्हणायच्या, बाहेरचं लागलं. शेवटी बाबांनी तुला गोंदियाला नेलं, सोबत मी. तिथल्या डॉक्टरने फोटो काढायला लावला आणि तुझ्याकडे न पाहता बाबांना म्हणाला, "सब नॉर्मल है, घर ले जाओ." घरी आल्यावर बाबांनी तो काळा फोटो अंगणात उन्हाला धरला. अख्खा मोहल्ला जमला. कोणी म्हणे हे नाक, कोणी म्हणे हा डोळा, आणि ज्यांना स्वतःचं नाव लिहिता येत नव्हतं त्यांनीही निकाल देऊन टाकला, "साफ आहे, काईच नाही." त्या दिवसापासून तुला निजायचीही चोरी झाली. तू जरा आडवी झाली की बाबा म्हणत, "फोटोत त काईच नाही निघालं, मंग काऊन निजून राहिली?" तू उठून पुन्हा सूप घेऊन बसायची. पुढे तापाचं निमित्त झालं आणि तू गेली. मयतीला आलेल्या बायासुद्धा म्हणाल्या, फोटो त चांगला होता. मला त्या डॉक्टरपेक्षा त्या फोटोचाच राग जास्त येतो, माय, अजूनही येतो.

तर दुधाने तोंड पोळलेली मी, नागपूरला गेली ती ताक फुंकायलाच. डॉक्टरीणबाई माझ्या पोरीपेक्षा फार मोठी नसेल. मी बसल्या बसल्या विचारलं, "यात हिचा आजार दिसन का?" ती म्हणाली, "एकट्या माणसाचा फोटो पाहून हा आजार आहे की नाही, हे अजून सांगता येत नाही, काकू. आजार आम्ही बोलूनच ओळखतो. पण पुष्कळ लोकांचे फोटो ताडून पाहिले, की मेंदूचा कोणता भाग सुस्त चालतो, कोणता जास्त धावतो, याचा थोडा अंदाज येतो. कोणाला कोणतं औषध लागू पडेल हे पुढेमागे आधीच कळावं, त्यासाठी ही धडपड." मी म्हटलं, "म्हणजे माह्या पोरीले काही फायदा नाही." ती सरळ म्हणाली, "आज तरी नाही." आता बाजारात दुकानदारच म्हणाला की माल कच्चा आहे, तर तू काय समजली असती? मला वाटलं, ही काहीतरी लपवून राहिली. उद्या फोटो चांगला निघाला तर पोरीच्या बापाला, सोयऱ्यांना, सगळ्यांना बोलायला तोंड मिळेल की पोरगी सोंग करते. मी तसं बोलूनही दाखवलं. ती म्हणाली, "असं कोणी म्हटलं तर त्याला माझ्याकडे पाठवा." पोरगी खुर्चीवरून उठली. ती म्हणाली, "आई, मी जाऊनच राहिली आत. मी तुले परवानगी नाही मागत, फक्त सोबत राय."

तेवढ्यात कळलं की ताडून पाहायला त्यांना धडधाकट माणसांचेही फोटो लागतात. मी म्हटलं, "मंग आधी मले टाका मशीनमध्ये." पाहुण्याला वाढायच्या आधी भाजीचं मीठ आपण चाखतोच. आत लोखंड, धातू काही चालत नाही म्हणाले, तर मी मंगळसूत्र, जोडवी, पदराची पिनसुद्धा काढून रुमालात बांधली. पण डॉक्टरीणबाई म्हणाली, आधी थोडं विचारायचं आहे, आणि मला एकटीला बाजूच्या खोलीत नेलं.

झोप कशी आहे? मी म्हटलं, कोंबड्याच्या आधी जाग येते, बाईमाणसाची झोप अशीच. जेवण? रांधता रांधताच पोट भरते. कशात मन रमतं? मी म्हटलं, साड्यांना पिको-फॉल करते, दिवस जातो. शेवटचं मनापासून कधी हसल्या? मला दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेतलं नाटक आठवलं. बाजूची बाई पोट धरून हसून राहिली होती, म्हणून तिच्याकडे पाहून मीही हसली होती. ते सांगितलं. मग तिने विचारलं, "आपण नसतो तर बरं झालं असतं, असं कधी वाटतं का?" मी म्हटलं, "वाटते ना. कोणाले नाही वाटत?"

तिने पेन खाली ठेवला. म्हणाली, "सगळ्यांना नाही वाटत, काकू." मग बराच वेळ बोलत बसली, घाई केली नाही. धडधाकट माणसांत मला घेता येणार नाही म्हणाली. पुढच्या खेपेला पोरीसोबत माझीही तपासणी आहे.

मला खरंच माहीत नव्हतं, माय. मी तुलाच पाहून मोठी झाली, मला वाटलं बाई म्हणजे अशीच असते. बाहेर पोरीने विचारलं, काय झालं, तर मी म्हटलं, माह्या वयाची माणसं घेत नाहीत म्हणे. ती मशीनमध्ये गेली, हसत बाहेर आली, म्हणाली, नुसता खडखडाट आहे आत. मशीनवर माझा भरोसा अजूनही नाही. पण त्या बाईच्या प्रश्नांवर बसला आहे, आणि त्याचीच भीती वाटते. हे सगळं पोरीला सांगायला पाहिजे. ती बाजूच्याच खोलीत आहे, जागी आहे. आणि मी इथे तुला लिहीत बसली, कारण तू उलटून काही विचारणार नाही.