योरिन पहिल्या दहात

४ जुलै
उद्या टूर सुरू, पॅरिसपर्यंतची तीन आठवड्यांची सायकल शर्यत. योरिन पहिल्या दहात येईल. तो माझा धाकटा भाऊ आहे, याचा अंदाजाशी संबंध नाही. पंपांच्या कारखान्यात मी कंपनं मोजते, भावना नाही. त्याची ताकद, वजन आणि घाटांचे चढ मॉडेलमध्ये घातले. उत्तर आलं, नववा.
त्याचा करार यंदा संपतोय. निकाल नाही तर नवा करार नाही, मग बाबांबरोबर लोकांच्या छपरांवर कौलं बसवायची. म्हणून निकाल येईल.
गोदलीव्हकाकूच्या कॅफेत, म्हणजे योरिनच्या चाहत्यांच्या क्लबात, हे जाहीर केलं. अध्यक्ष ओमेरकाका म्हणाले, "पोरी, तो संघाच्या कप्तानाच्या पाण्याच्या बाटल्या वाहायला गेलाय." मी आलेख दाखवला. त्यांनी त्यावर बिअरचा ग्लास ठेवला.

८ जुलै
बराच मागे. आजच्या दिवसाचा टप्पा सपाट होता. माझं मॉडेल डोंगरांसाठी आहे. अंदाज कायम.

१२ जुलै
पहिला डोंगर. टीव्हीवर दिसला. संघाच्या गाडीकडून बाटल्या घेतल्या, जर्सीत कोंबल्या, कुबड आल्यासारखा पुन्हा पुढे गेला. काकू ओरडली, "आला आपला दूधवाला!" कॅफे हसलं. मी हसले नाही. बाटल्यांचं वजन मॉडेलमध्ये नव्हतं, ते घातलं. आता अंदाज, पहिल्या तिसात. सुधारणा म्हणजे माघार नव्हे.

१५ जुलै, विश्रांतीचा दिवस
योरिनचा फोन. कराराबद्दल विचारतेय असं वाटणार नाही, अशा बेतानं विचारलं. तो म्हणाला, "ताई, कोणी काही बोललेलं नाही. आईला सांग, फ्राइज खायच्यात. मोठा पुडा, वर मेयोनीज." मी त्याचे आकडे वाचून दाखवले. बहुधा त्याला झोप लागली.
एकूण क्रमांक ही तशी वरवरची गोष्ट. तो एक टप्पा जिंकेल. गुरुवारी.

१७ जुलै
शेवटच्या घाटाआधी तो आघाडीत होता! मी उभी राहिले, फक्त नीट दिसावं म्हणून. तेवढ्यात संघाचा हुकूम गेला: मागे कप्तान एकटा पडलाय, थांब. तो रस्त्याकडेला पाय टेकून थांबला. बाबा म्हणाले, "थांबला बघ. गुणी पोरगा." मी म्हणाले, जिंकला असता. बाबा म्हणाले, "आणि दुसऱ्या दिवशी संघानं घरी पाठवला असता."
अंदाज तत्त्वतः बरोबर होता.

२४ जुलै
त्याला ताप. दिलेल्या वेळेत टप्पा संपला नाही तर बाहेर. मी जाहीर केलं, तो पॅरिसला पोहोचेल. ओमेरकाका म्हणाले, "आणि तो नववा कुठं गेला?" मी म्हणाले, अंदाजाची व्याप्ती बदलली आहे. ते म्हणाले, "आमच्याकडे त्याला हरणं म्हणतात."
काठावर वाचला.

२७ जुलै
पॅरिस! मी म्हटलंच होतं. कप्तान तिसरा आला. त्याला तिथवर ओढणाऱ्याला करार न देणं अतार्किक ठरेल. तेव्हा करार नक्की.

२९ जुलै
संध्याकाळी गावची शर्यत. टूर संपली की आमच्याकडे गावोगाव होते तशी, चर्चभोवती फेऱ्या. टूरमधले नामांकित येतायत. कॅफेच्या फळ्यावर सगळ्यांनी योरिन पहिला लिहिलं, काकूच्या म्हाताऱ्या आईनंसुद्धा. भाबडेपणा. मी टूरमधून शिकले आहे. मी अकरावा लिहिलं.

तोच दिवस, रात्री
योरिन पहिला. शेवटच्या वळणावर सगळे नामांकित एकदम दमले. एक तर दमताना हसत होता. ओमेरकाका म्हणाले, "अगं, जत्रेत गावचाच पोरगा जिंकतो. आधीच ठरलेलं असतं. शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे!" मलाही ठाऊक आहे. पण मॉडेलमध्ये रिवाजाला रकाना नाही. चूक रिवाजाची.

१ ऑगस्ट
दुपारी संघाचा फोन आला. करार नाही. दुसऱ्या संघांनीही नकार कळवलाय, हे योरिननं जेवताना सांगितलं. मग म्हणाला, "बाबा, सोमवारपासून येतो." आईनं त्याला न विचारता आणखी मटण वाढलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते कांद्याचं. शिजलेल्या कांद्यानंही येतं.
मी म्हणाले, मार्चपर्यंत नवा संघ मिळेल, आकडे तसं सांगतात. योरिन म्हणाला, "ताई, जेव."
मग बाबांनी विचारलं, सोमवारी पाऊस आहे का. मी हवेचा दाब पाहिला आणि ठामपणे सांगितलं, नाही.
दोघंही उठले आणि रेनकोट शोधायला गेले.