बंद ठेवलेला ड्रायव्हर

सर, तुम्ही गेलात त्याला बरीच वर्षं झाली. जर्मनीत ब्राउनश्वाइगच्या त्या लॅबमध्ये तुमच्या जागेवर आता मी बसते.

तुमच्या स्वयंपाकघरातला एक रविवार आठवतो. काकू थालीपीठं लावतायत, ऑफिसातली मराठी मंडळी जेवायला बसलीयत, आणि तुम्ही माझ्याकडे बोट करून म्हणताय, "हिला पुण्याहून मी आणलंय. हुशार नाही, पण सांगितलेलं ऐकते." सगळे हसले. काकूंनी माझ्या ताटात लोणी वाढलं.

त्याच आठवड्यात मी मीटिंगमध्ये सुचवलं, की गोदामातल्या क्रेन चालवणाऱ्या आपल्या सर्किट बोर्डांवर ड्रायव्हर, म्हणजे मेमरीच्या चुका कळवणारा छोटा प्रोग्राम, चालू करू या. चिप लहानसहान चुका आपल्या आपण दुरुस्त करते, पण मुकाट्याने. ड्रायव्हर चालू असला तर त्या लॉगमध्ये, म्हणजे यंत्राच्या नोंदवहीत, दिसतात आणि कुठली मेमरी बिघडत चाललीय ते वेळेवर कळतं. एरवी माझ्याशी मराठीत बोलणारे तुम्ही, त्या दिवशी सगळ्यांना समजावं म्हणून जर्मनमध्ये म्हणालात, की हिला स्वतःचं काही लिहिता येत नाही, म्हणून लॉग भरायला निघालीय. ड्रायव्हर बंदच राहिला. पुढे एका गिऱ्हाइकाची क्रेन भार उचललेला असतानाच अडकली, तेव्हा तुम्ही माझ्या कोडवर खापर फोडलंत. माझी प्रोबेत्साइट, म्हणजे नोकरीतला चाचणीचा काळ, संपली नव्हती, त्यामुळे मला काढणं सोपं होतं. मी सामान भरत असताना तुम्ही दारात येऊन म्हणालात, "रडू नकोस, इथे ते शोभत नाही." मी रडत नव्हते.

गेल्या वर्षी त्याच कंपनीने मला परत बोलावलं. आल्याआल्या मी तो ड्रायव्हर चालू केला, आणि तुमच्या काळातल्या, अजून वापरात असलेल्या बोर्डांचे लॉग चुकांनी भरले. मोठे साहेब खाली आले. भिंतीवरच्या तुमच्या फोटोकडे बघत त्यांनी विचारलं, "म्हणजे त्यांना हे माहीत होतं?" मी "हो" म्हटलं. संध्याकाळी फोटो भिंतीवर नव्हता. मग काकूंचा फोन आला. "अगं, ह्यांचा फोटो का काढला म्हणे?"

"त्यांनी माहीत असून लपवलं, काकू."

 त्या म्हणाल्या, "बरं. तू जेवलीस का?"

ड्रायव्हर बंद असताना त्या चुका कुणालाच दिसणं शक्य नव्हतं, सर, तुम्हालाही नाही. साहेबांना उत्तर देताना मला ते पक्कं ठाऊक होतं. हे पत्र काकूंच्या हातात दिलं तर त्यांना बरं वाटेल. देणार नाही.