माहेरपणाची खोली

मी, राहीबाई तात्याबा हुलगे, बाप्तिस्म्याचे नाव रूथ, वय साठच्या आसपास, धर्म ख्रिस्ती, धंदा स्वयंपाक, राहणार करुणामळा बालगृहामागची गल्ली, मिरज, जि. सांगली, आज हे मृत्युपत्र राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवते. डोके ठिकाणावर आहे, डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. गुडघे ठिकाणावर नाहीत, पण त्यांचा दाखला कोणी मागितला नाही.

वय 'आसपास' लिहिण्याचे कारण असे. बहात्तरच्या दुष्काळात माझे वडील माण तालुक्यातून मेंढरे हाकत मिरजेपर्यंत आले आणि मला करुणामळ्याच्या फाटकाशी सोडून गेले. तिथल्या मिसबाईंनी माझे दात बघून वय लिहिले, मेंढराचे बघतात तसे. तिथेच वाढले आणि पुढे तिथल्याच चुलीपुढे बसून पोरांना रांधून घातले. लग्न केले नाही. वडील न्यायला आले नाहीत. त्यांच्यावर राग नाही, आठवण मात्र फार येते. असले मृत्युपत्रात लिहायचे नसते, असे वकीलसाहेब म्हणाले. तरी लिहिले.

१. घर. दीड गुंठा जागा आणि तीवरचे दोन खोल्यांचे घर माझ्या स्वकष्टाचे आहे. पूर्वेस बालगृहाची भिंत, पश्चिमेस गल्ली, उत्तरेस विश्वजित पाटील दूधवाले, दक्षिणेस नाला. हे घर मी स्वप्नालीला देते. स्वप्नाली करुणामळ्यात माझ्या हाताखाली वाढली, सध्या सांगलीत नर्स आहे. या मृत्युपत्राची व्यवस्था तिनेच पाहावी.

घराला एक अट आहे. गल्लीकडची खोली भाड्याने द्यायची नाही. ती माझ्या मुलींच्या माहेरपणाची खोली. करुणामळा आमच्या मुलींची लग्ने लावून देतो, साडी-भांडी देतो, पण मोठ्या झालेल्या मुलींना तिथे परत राहता येत नाही, तसा नियम आहे. दिवाळीला शेजारणी माहेरी निघाल्या की आमची पोर घरात डबे घासत बसते. नवऱ्याशी भांडण झाले तर "चालले मी आईकडं" म्हणायची सोय नाही, आणि ती सोय नसली की भांडणात दम राहत नाही. म्हणून ही खोली. पहिल्या बाळंतपणाला यावे, सव्वा महिना राहावे, डिंकाचे लाडू खावेत, सकाळी उशिरा उठावे.

२. जयराज. हा माझ्या थोरल्या भावाचा मुलगा. घरावर पत्रा होता तोवर मला भाऊबंद नव्हते. स्लॅब टाकला आणि भाचा उगवला. म्हणाला, "आत्ती, तुमी आमच्या रक्ताच्या. घर परक्याच्या हातात कशापायी?" मी विचारले, "माझा बाप कवा गेला रं?" तर म्हणाला, "लय वर्सं झाली की." कुठे, कशाने, शेवटी माझे नाव काढले का, काही सांगता येईना. त्याला मी काहीही देत नाही. पण तो आला तर जेवू घालावे. भुकेल्याला तसेच परत पाठवायची आमच्याकडे रीत नाही.

३. पतसंस्थेतली ठेव करुणामळ्याला. तिच्या व्याजातून पोरांना रविवारी अंडी द्यावीत. अंडी परवडत नाहीत म्हणून कमिटीने बंद केली, त्याच साली देणगीदारांच्या नावांचा संगमरवरी फलक मात्र परवडला. त्या फलकावर माझे नाव घालू नये. अंडी नीट उकडावीत.

४. माझी परात, काहील, उलथनी आणि मोठा पाटा-वरवंटा तानुबाईला. ती माझ्या हाताखाली आली आणि आता स्वयंपाकघर तिचेच आहे. ती आमटीत मीठ जास्त टाकते हे मी पुष्कळदा सांगितले. आता सांगणार नाही. एवढीच विनंती की एक रीत मोडू नये. नव्या आलेल्या पोराला पंगतीत पहिली भाकरी, आणि निजताना दुसरी उशाशी. नवी पोरे भाकरी गादीखाली लपवतात, कारण उद्या मिळेल असे त्यांना कोणी कधी सांगितलेले नसते. मुंग्या होतात म्हणून ओरडू नये. एक दिवस पोर आपणच ती भाकरी परत आणून देते, "मावशी, ऱ्हाऊ दे ही." त्या दिवशी ते पोर आपले झाले असे समजावे.

५. आता एक मुलगी, जिचे नाव मी लिहीत नाही. लिहिले तर उद्या तिच्या सासरी नोटीस जाईल, आणि ती टाळता येत नाही असे वकीलसाहेब म्हणतात.

ती आली तेव्हा नुकती बोलायला लागली होती. सगळी पोरे मला मावशी म्हणत, ही आई म्हणायची. मिसबाईंनी समजावले, तरी आईच. मोठी झाली, शिकली, पुण्यात नोकरीला लागली, आपले लग्न आपणच जमवले. सासरी सांगितले की आईबाप लहानपणी गेले, मावशीने वाढवले. बालगृहातली म्हटले की कुणाची, कोणत्या जातीची, हे सुरू होते. मी तिला दोष देत नाही. सासर कृष्णेच्या काठी आहे. कृष्णाकाठ लांबलचक आहे, कोणी शोधत बसू नये.

तिचे डोहाळजेवण आहे असे स्वप्नालीकडून कळले. मी न कळवता गेले. हिरवी साडी, नारळ, खण, पाच फळे, सगळे घेऊन गेले. पहिली ओटी माहेरची असते, आणि ती जागा रिकामी राहणार हे मला सोसवेना. दारात तिच्या सासूबाईंनी विचारले, "आवं, ह्या कोण म्हनायच्या?" पोरीचे तोंड उतरले. म्हणाली, "मावशीकडं... स्वयंपाकाला असायच्या."

खोटे काहीच नव्हते त्यात. मी म्हटले, "व्हय व्हय. पोरीला माझ्या हातची पुरणपोळी लय आवडायची, म्हनून आले. चूल कुठं हाय?" आणि सरळ आत गेले. बाहेर गाणी चालली होती, मी पोळ्या लाटत होते. ओटी कोणी आत्येसासूने भरली. मध्येच ती पाणी प्यायला आत आली, माझ्या पाठीला कपाळ टेकून उभी राहिली, मग कोणी हाक मारली आणि गेली. निघताना सासूबाईंनी मला खण दिला, वर चार पोळ्या बांधून दिल्या. बाई चांगल्या आहेत. मी आणलेली साडी पिशवीतच राहिली.

मुलगा झाला असे ऐकले. तिचा फोन येत नाही, मी करत नाही. गल्लीत रिक्षा थांबली की मी दाराशी जाते. आजही गेले, विश्वजितचे पाहुणे होते. मला ती हवी आहे. एकदा यावी, पाय पसरून बसावी, जेवायला काय केलंय म्हणून कटकट करावी.

तिला मी या मृत्युपत्राने काहीही देत नाही. देता येत नाही. कलम १ मध्ये 'माझ्या मुली' एवढेच लिहिले आहे, नावे घातलेली नाहीत, ती यासाठीच. कोणती मुलगी, हे स्वप्नालीने ओळखून असावे आणि कोणाला बोलू नये.

६. अंत्यविधी. मला ख्रिस्ती दफनभूमीत पुरावे. स्वप्नालीने तिला फोन लावावा. घरातल्या दुसऱ्या कोणी उचलला तर, "सूनबाईंच्या मावशीकडं स्वयंपाकाला होत्या त्या बाई वारल्या," एवढेच सांगावे. स्वयंपाकिणीच्या मातीला जायला कोणी अडवत नाही.

पेटी खाली सोडली की पाळकसाहेब विचारतील, "घरचं कोण? पहिली माती कोण देणार?" स्वप्नालीने लगेच पुढे होऊ नये. हक्क तिचाच आहे, तिने राग मानू नये, पण थांबावे. लांबून येणाऱ्याला वेळ लागतो. पाळकसाहेबांनी एक गीत जास्त म्हणवावे, लागले तर दोन. ऊन असले तरी लोकांनी कुरकुर करू नये, सगळे माझ्या हातचे जेवलेले आहेत. आणि मागून कोणी बाई येताना दिसली, तर दोन पावले सरकून तिला वाट द्यावी.

यापूर्वी मी दुसरे मृत्युपत्र केलेले नाही, यापुढे करीन असे वाटत नाही. वरील मजकूर माझ्या हातचा आहे. दोन्ही साक्षीदारांसमोर वाचून सही केली.

(सही) राहीबाई तात्याबा हुलगे

साक्षीदार, ज्यांना या मृत्युपत्राने काही मिळत नाही :
१. (सही) विश्वजित पाटील, दूध व्यवसाय, शेजारी
२. (सही) संयोगिता लोंढे, बालवाडी शिक्षिका

ठिकाण : मिरज
दिनांक : ८ डिसेंबर २०२४