दाराशी ठेवलेला माठ

एप्रिल २००४, नाशिक

तो माठ डोक्यातून जातच नाहीये. आज अण्णांची पुण्यतिथी. गावची विहीर दलितांना खुली व्हावी म्हणून या माणसाने मार खाल्ला. म्हणायचे, "मला हार नकोत, सगळे एका माठातलं पाणी प्या." म्हणून दरवर्षी सभागृहाच्या दाराशी माठ आणि एकच पेला. पाणी पिऊनच आत जायचं. यंदा कार्यकर्त्यांनी सगळ्यांना पाण्याच्या बाटल्या वाटल्या. समतेवर भाषणं झाली, टाळ्या पडल्या, आणि माठ तसाच काठोकाठ! कुणालाच कसं खटकलं नाही? मला तरी कुठे खटकलं? शेवटी अण्णांच्या पत्नीने, माईंनी, पेला भरून फोटोपुढे ठेवला. हळूच म्हणाल्या, "अहो, यांनी परत तुमचं पाणी वेगळं केलं."