भिवराबाईंकडे ठेवलेलं प्रस्थान

५ अर्दीबेहेश्त १३३५ फसली, नेकनूर

आजपासून रोजनिशी, आणि तीही सरकारी तारखेनं. हैदराबादच्या युनिव्हर्सिटीत बी.ए.ला बसणाऱ्याला फसली महिने तोंडपाठ पाहिजेत. विषय मआशियात, म्हणजे आपलं अर्थशास्त्र, सगळं उर्दूतून. परचे, म्हणजे पेपर, २८ तारखेपासून. माझी ही तिसरी खेप. वडील म्हणाले, शेवटची.

सासरे अर्जुनराव यांची अट आहे: जावई पास झाले की वच्छलेला नांदायला पाठवू. लग्नानंतर ती इथे जेमतेम पंधरवडा राहिली आणि धर्मापुरीला माहेरी गेली, ती गेलीच. तिकडे झुरत असणार. तेव्हा बेत अगदी सोपा आहे. पास व्हायचं आणि तिला आणायचं.

उद्या पहाटे चारला उठणार.

६ अर्दीबेहेश्त

आठला उठलो. चारला अंधार असतो.

८ अर्दीबेहेश्त

पुस्तक उघडलं. कानून-ए-तकलील-ए-इफादा. एकच वस्तू पुन्हापुन्हा मिळत गेली की तिची गोडी उतरत जाते. हा कानून मला इतका पक्का येतो की पुढे वाचायची गरज भासली नाही. पहिल्यांदा फेल झालो तेव्हा दोन दिवस जेवलो नाही. दुसऱ्यांदा वेळेवर जेवलो. यंदा कसली धास्तीच वाटत नाही. तयारी झाल्याचं हे लक्षण.

वच्छलेलाही हा कानून लाडू देऊन शिकवला होता. चौथ्या लाडवाला म्हणाली, "पुरं आता." एका बैठकीत समजला! मग रोज शिकवत गेलो. ती इतकी एकाग्र व्हायची की तोंडातून शब्द फुटायचा नाही. अशी विद्यार्थिनी धर्मापुरीत फुकट चालली आहे.

१२ अर्दीबेहेश्त

वडिलांनी बद्रीनाथ जोशींना बोलावलं. त्यांनी पंचांग पाहून सांगितलं की हैदराबादला निघायला १४ ची सकाळ उत्तम, पुढे बरेच दिवस काही नाही. १४ ला निघून तिथे आधीपासून काय करायचं? तिथल्या खोलीत ढेकूण आहेत. मी सुचवलं, प्रस्थान ठेवू. मुहूर्तावर सामानाचं गाठोडं शेजारी नेऊन ठेवलं की शास्त्रानं माणूस निघाला. मग स्वतः सावकाश जावं. जोशी म्हणाले, चालेल, मात्र सात दिवसांच्या आत निघा. वडील जोशींना दक्षिणा देऊन उठले. हल्ली ते माझ्याशी कमीच बोलतात. मलाही त्याचं काही वाटत नाही.

१४ अर्दीबेहेश्त

प्रस्थान ठेवलं. हैदराबाद पूर्वेला, म्हणून पूर्वेच्या भिवराबाईंचं घर. गाठोड्यात धोतर, सुपारी, हळकुंड. जोशी म्हणाले, ज्याचा जो व्यवसाय, त्यातली एखादी वस्तू घालावी. मी विद्यार्थी. एखादी कशाला, सगळीच पुस्तकं घातली. नोट्सही. अर्धवट काम मला आवडत नाही.

घरी येऊन अभ्यासाला बसलो तेव्हा लक्षात आलं.

परत आणता येत नाही. प्रस्थान मोडतं.

१५ अर्दीबेहेश्त

भिवराबाई आईला म्हणाल्या, "त्याला म्हणावं हितंच बसून वाच की. म्या काय त्याला हाकलते का?" बाई भोळी आहे. गाठ सोडली की मुहूर्त गेला. परीक्षेसाठी परीक्षेचाच मुहूर्त मोडायचा, हे मला पटत नाही. आता मनन करणार. खरे विद्वान मननच करतात.

मनन करताना डोळा लागला.

१७ अर्दीबेहेश्त

धर्मापुरीकडे जाणाऱ्या एका गाडीवानाजवळ आईनं निरोप दिला की तिंबकचं, म्हणजे माझं, प्रस्थान झालं. छान झालं. आता वच्छला देव पाण्यात घालून बसली असणार.

दुपारभर ओट्यावर मनन. समोरच्या लिंबाखाली एक शेळी बसली होती. तीही दुपारभर होती.

२० अर्दीबेहेश्त

आज निघायचं होतं. वडिलांनी बैलगाडी जुंपून ठेवली. इथून बीड, पुढे जालन्याचं स्टेशन, मग रेल्वे. पोटात गुडगुड झाली. रेल्वेत पोट बिघडलं तर मआशियात काय कामाची? उद्याचा दिवस आहेच. आई म्हणाली, "तिंबक, आजच जा रं बाबा." तिला सात दिवसांचा हिशेब समजत नाही. उद्या सातवा.

२१ अर्दीबेहेश्त

उठलो तेव्हा ऊन ओट्यावर आलेलं. वडिलांनी पहाटे दोनदा हाक मारली म्हणे, आणि मग बैल सोडून दिले. तिसऱ्यांदा का मारली नाही, हे मी विचारलं नाही. संध्याकाळी निघावं म्हटलं, पण दिवेलागणीला घर सोडू नये.

२२ अर्दीबेहेश्त

जोशी म्हणाले, प्रस्थान संपलं. नवा मुहूर्त पुढच्या महिन्यात, खुर्दादच्या दोन तारखेला. म्हणजे परचे सुरू झाल्यावर. मी म्हणालो, शास्त्रापुढे इलाज नाही. वडिलांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि ते शेताकडे गेले.

भिवराबाईंनी गाठोडं आणून दिलं. उशाला घेतलं. झोप चांगली लागली. दु:ख होईल असं वाटलं होतं, झालं नाही. पुढच्या वर्षी नक्की.

२५ अर्दीबेहेश्त

दुपारी दारात गाडी थांबली. वच्छला! मी ओट्यावर होतो. ती उतरली ती हसत, आईला हाक मारत. मला पाहिलं आणि हसू तिथंच थांबलं.

म्हणाली, "तुमी गेलते ना?"

तिला प्रस्थानाचं शास्त्र पहिल्यापासून समजावलं. तिनं शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, निरोप आला, आत्याबाई एकट्या पडल्या असतील, म्हणून चार दिवस सोबतीला आले. मी म्हणालो, आलीस तर आता राहा, अर्जुनरावांची अट मी बघतो.

ती म्हणाली, "अट दादांची न्हाई. म्याच घालायला लावलती."

का, म्हणून विचारलं. तिनं गाडीतलं बोचकं खाली घेतलं. मग म्हणाली, "लई बोलता तुमी. म्हटलं, पास होस्तोवर तरी सुटका हाय." रागानं नाही. भाकरी वाढू का विचारावं, तसं म्हणाली.

मग विचारलं, "यंदा जाणार न्हाईत ना? मंग मी जाऊ का?"

मी म्हणालो, विचार करून सांगतो.

२६ अर्दीबेहेश्त

सकाळी गाडी गेली. मी विचारच करत होतो. आई वेशीपर्यंत पोचवायला गेली आणि डोळे पुसत आली.

वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. पुस्तकात ह्याला काय म्हणतात ते आठवेना, आणि उठून बघावंसंही वाटेना.

वच्छला आईसाठी नव्या कुरडया ठेवून गेली. दुपारी आईनं तळल्या. वडिलांना वाढल्या, स्वतः घेतल्या. माझ्या ताटात नव्हत्या. मी मागितल्या. आई म्हणाली, तू घरी नसशील असं वाटलं तिला, दोघांपुरत्याच आणल्यात.