पेनातलं दूध उतू गेलं

कॅल्गरी, ११ मार्च २०११

ती. अरुणामावशीस,

उमाचा साष्टांग नमस्कार (गुडघ्यामुळे सध्या एक अंग कमी धरावं). तुझी कंबर कशी आहे? नंदकुमारकाका बिनसाखरेचा चहा पितात, की तुझी पाठ वळली की डबा उघडतात? इकडे सगळे बरे. दारासमोरचा बर्फ उपसून तुझ्या जावयाचा, शंतनूचा, खांदा धरलाय आणि येणाऱ्या प्रत्येक फोनवर तो तेच सांगतोय.

मी शाळेत नक्की काय करते, असं तू विचारलं होतंस. कोलंबिया-मेक्सिकोहून आलेल्या, घरी स्पॅनिश बोलणाऱ्या मुलांना इंग्रजी शिकायला मदत करते. यंदा शाळेने त्यासाठी बोलणारी पेनं घेतली. चित्राखाली चकती चिकटवायची, पेनात शब्द बोलून ठेवायचा. मग पेन चकतीला टेकवलं की ते आपल्याच आवाजात तो शब्द म्हणतं. आवाज द्यायला मुख्याध्यापिकाबाईंनी मला निवडलं, कारण म्हणे माझं इंग्रजी फार स्वच्छ आहे. अकरा वर्षांत या देशात हे मला प्रथमच कोणी म्हणालं. शंतनू म्हणाला, "त्या बाईंचे कान तपासून घ्या कोणीतरी."

मी (हुरळून) शनिवारी स्वयंपाकघरात बसून तीनशे शब्द भरले. चूक तिथेच झाली. 'विंडो' म्हणते न म्हणते तोच मागे दूध फसफसलं, आणि "अगं बाई, दूध!" करत मी धावले. पेनाने ते सगळं इमानाने टिपलं, माझी धाप, गॅसवरचं चर्र आणि आमच्या ऊर्मीचं "आई, इट्स एव्हरीव्हेअर!" सुद्धा. परत ऐकून बघायचं मला सुचलं नाही.

सोमवारी अख्खा वर्ग खिडकीकडे बोट दाखवून "विंडो, अगं बाई, दूध!" म्हणायला लागला, तेही धापेसकट. मी ते पेनातून पुसायला गेले, तर मुलांनी पेनच लपवलं. दूध म्हणजे काय, असं विचारलं, म्हणून मी दुधाचा खोका घेऊन सगळं नाटक करून दाखवलं, धावण्यासकट (तीनदा, आग्रह झाला, गुडघा त्यातलाच).

फक्त लुसिया हसली नाही. आठ वर्षांची, कोलंबियाची. चार महिन्यांत शाळेत एक अक्षर बोललेली नव्हती. गुरुवारी शाळा बोर्डाच्या बाई येणार होत्या. त्यांच्यासमोरही ती गप्प राहिली, तर तिला शहराच्या दुसऱ्या टोकाच्या शाळेतल्या खास वर्गात पाठवणार होते, आणि तिचा हात धरल्याशिवाय बूटही न काढणारा तिचा पाच वर्षांचा भाऊ इथेच राहणार होता. मावशी, मी तिला कधीच 'बोल' म्हटलं नाही. आमच्या पहिल्या हिवाळ्यात मीही ग्रोसरीच्या दुकानात नुसती मान हलवत असे. शब्द येत होते गं. ते बाहेर पडल्यावर समोरच्याचा चेहरा कसा होईल, त्याची भीती होती.

गुरुवारी बाई आल्या, लुसियासमोर बसल्या, आणि तीनशेतली नेमकी तीच चकती त्यांनी निवडली. "विंडो," मी पेनातून म्हणाले, "अगं बाई, दूध!" चर्र. खरीखुरी मी कोपऱ्यात टांगलेल्या कोटांमागे सरकले. बाईंनी विचारलं, "ही स्पॅनिश का?" मुख्याध्यापिका ठामपणे "हो" म्हणाल्या. लुसियाने त्यांच्याकडे अशी काही कीव करत पाहिलं, आणि तोंड उघडलं, "नो. मिल्क. मिल्क इज ऑन फ्लोअर. टीचर रन." मग उठून, एक हात गुडघ्यावर ठेवून, मी कशी धावते तेही करून दाखवलं. हुबेहूब! बाई हसल्या, वर्ग हसला, आणि चार महिन्यांत पहिल्यांदा लुसियाही हसली. ती इथेच राहणार आहे. मी कोटांमध्येच थोडं रडून घेतलं (कोट ओलेच होते, कळलं नाही कुणाला).

काकांना नमस्कार, आणि डब्यावर नजर ठेव.

तुझी,
उमा

ता. क. शाळेच्या शांत खोलीत बसून शब्द नव्याने भरले. मुलं म्हणतात, ही टीचर बोअरिंग आहे.

आणखी एक ता. क. पार्सलात पेन आहे, काकांनी त्यात शाई भरू नये. ते रिकामं आहे. सोबत चकत्या आहेत. ऊर्मीला मराठी सगळी कळते, पण उत्तर इंग्रजीतच येतं. मी सारखं 'मराठीत बोल, मराठीत बोल' करते, आणि मग ती गप्पच बसते. लुसियाशी जे केलं नाही ते मी घरी करतेय, हे पत्र लिहिता लिहिता लक्षात आलं. तेव्हा यात तू ऊर्मीसाठी बोल आणि पेन परत पाठव. शब्दांची यादी नको. काकांना साखरेवरून रागव, भाजीवाल्याशी घासाघीस कर, शेजारणीला हाक मार. शांत खोली मुळीच शोधू नकोस. दूध गॅसवर ठेव आणि सुरू कर.