चोवीस चिठ्ठ्या आणि माझी पद्धत

१२ मे, सकाळी ६. नारिन शहर, मावशीचं घर. आकाश निरभ्र, तापमान ७.
इतिहासाची तोंडी परीक्षा ६ जूनला. चोवीस चिठ्ठ्या, त्यातली एक उचलायची, तिच्यावरच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं. रोज एक चिठ्ठी केली तरी एक दिवस शिल्लक राहतो.
बाबांना पाचपैकी पाच सांगायचे आहेत. डोंगरावरच्या हवामान केंद्रात तिसरीपर्यंत त्यांनीच मला शिकवलं. खाली शाळेत आले तेव्हा मुख्याध्यापक म्हणाले होते, घरी शिकलेल्या मुलांचे मार्क घरातच चालतात. मी विसरलेले नाही.

१३ मे. पहिली चिठ्ठी नव्वद टक्के. बाबांचा नियम आहे, स्वतःच्या डोळ्यांनी नीट बघितल्याशिवाय आकडा लिहायचा नाही. नव्वद म्हणजे नीट नाही. पहिलीच पुन्हा.

१७ मे. पहिली शंभर टक्के! नवीन वेळापत्रक केलं, तीन रंगांत. दुपार त्यातच गेली. पण पाया पक्का झाला.

२१ मे, रात्री ९. वारा पश्चिमेचा. दुसरी चालू. मावसबहीण चिनारा (माझ्याच वर्गात, पुस्तक अजून उघडलेलं नाही) लोकर पिंजता पिंजता म्हणाली, अगं बाई, सगळ्या चिठ्ठ्यांवरून एकदा नजर तरी फिरव! मी म्हटलं, नजर बाजारात फिरवतात. ती म्हणाली, तिथे निदान पिशवी भरते.
चोख उत्तर सुचलं, पण संध्याकाळी.

२५ मे. इतिहासाच्या राइखानबाईंनी वर्गात थांबवून घेतलं. अक्षर तुझंच चांगलं, परीक्षेच्या चिठ्ठ्या तूच लिही, म्हणाल्या. नाही कसं म्हणणार?

२८ मे. लिहून झाल्या. तीन दिवस गेले. समास अगदी एकसारखे. हाही अभ्यासच.
चौथ्या चिठ्ठीच्या पाठीवर जर्दाळूचा मुरंबा सांडला. पुसला, तरी डाग राहिला. बाईंना लगेच सांगितलं. त्या म्हणाल्या, मुंग्या नाहीत ना लागल्या? मग राहू दे.

१ जून. दुसरी, तिसरी पक्की. आता चौथी: कोकंदच्या खानाविरुद्धचे उठाव. मोठ्याने म्हणते. चिनारा म्हणाली, सोड गं त्या बिचाऱ्याला, दिवसातून किती वेळा हरवशील!

४ जून. चौथी शंभर टक्के. अठ्ठेचाळीस वेळा म्हटली. उरल्या वीस. उद्या तासाला दोन, दहा तासांत संपल्या. मावशी म्हणाली, अगं, असं कोणी करतं का? कोणी काही म्हणो, पद्धत बदलणार नाही.

५ जून. पाचवीवर जरा वेळ गेला. नव्वद टक्के.

६ जून, दुपारी २. ढगाळ.
टेबलावर चिठ्ठ्या पालथ्या मांडलेल्या. एका कोपऱ्यावर केशरी डाग. हात तिकडेच निघाला होता, मी मागे घेतला. ती उचलली असती तर ते पाच मुरंब्याचे झाले असते, माझे नाही.
डोळे मिटून दुसरी उचलली. एकोणिसावी: भटक्या पशुपालकांना एका जागी वसवण्याची मोहीम. प्रश्न मला तोंडपाठ होता. मीच लिहिला होता, फार सुंदर आला होता.
उत्तर येत नव्हतं. तीन मार्क.
माझ्यानंतर चिनारा. तिने डागाचीच उचलली. नंतर म्हणाली, बाकीच्या इतक्या स्वच्छ होत्या की हात लावायची भीती वाटली. आणि सुरू झाली. माझं उत्तर, शब्दन् शब्द. मी जिथे खोकते तिथे खोकलीसुद्धा. पाच.
म्हणजे पद्धत बरोबरच होती.

संध्याकाळी ६. केंद्रावर फोन लावला. बाबांनी विचारलं, किती? तीन, म्हटलं. नीट बघितलंस ना, म्हणाले. म्हटलं, हो बाबा, स्वतःच्या डोळ्यांनी.
पलीकडे नोंदवहीचं पान उलटल्याचा आवाज आला.
मग लिहून घेतो, म्हणाले. तीन.